जमीन-विकास व्यवसायाचे वास्तव : मुंबईतील बॅक बे भराव योजनांचा ऐतिहासिक अभ्यास (१८६३ ते १९३०)

प्रस्तावना

मुंबईच्या आर्थिक इतिहासात १८६५ हे वर्ष शेअरांच्या सट्ट्याचे वर्ष म्हणून ओळखले जाते. पाठ्यपुस्तकांतून आणि लोकप्रिय लेखनातून त्याची कथा जवळजवळ एकाच साच्यात सांगितली जाते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहराला पैशाचे वेड लागले आणि युद्ध संपताच ते वेड उतरले. या कथेत घडलेल्या घटना खऱ्या आहेत. परंतु 'वेड' हा शब्द एकदा वापरला की विचार करण्याचे कारण उरत नाही. वेड्या माणसांनी वेडेपणा केला, एवढेच त्यातून समजते. त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या कंपनीचा व्यवसाय समुद्र हटवून जमीन तयार करण्याचा आणि ती विकण्याचा होता, ही बाब मात्र बाजूला पडते. कापसाच्या पैशाने इतर कशाऐवजी जमिनीचाच मार्ग का धरला आणि तो मार्ग इतक्या लवकर का खचला, या प्रश्नांची उत्तरे जमीन-विकास या व्यवसायाच्या स्वरूपातच शोधावी लागतात.

प्रस्तुत लेखात बॅक बे या एकाच किनाऱ्यावर साठ वर्षांच्या अंतराने राबवल्या गेलेल्या दोन योजनांचा विचार केला आहे. पहिली १८६३-६५ ची खासगी कंपनीची, दुसरी १९२० नंतरची सरकारी. दोन्ही योजनांना अपयश आले. पहिलीत भागधारक बुडाले, दुसरीत सरकारी तिजोरीला खड्डा पडला. एकीत मालक खासगी होता व दुसरीत सरकार होते, म्हणून या अपयशांची कारणे भिन्न मानण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की दोहोंचे मूळ कारण एकच होते. या व्यवसायात माल तयार होण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि तो काळ कोणीतरी आपल्या पैशाने भरून काढावा लागतो. जमीन, मजूर, दगड, यंत्रे यांचा हिशेब सर्वजण करतात. प्रतीक्षेच्या खर्चाचा हिशेब सहसा शेवटी होतो, आणि तोही दुसऱ्याच्या खिशातून.

सर दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबईच्या आर्थिक इतिहासावरील ग्रंथ, जनगणनेचे आकडे आणि शासकीय चौकशी समित्यांमुळे उजेडात आलेली वस्तुस्थिती हा या विषयाचा मुख्य आधार होय. मराठी वाचकाला गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथाचेही येथे स्मरण होईल. तो १८६३ साली, म्हणजे नेमका या व्यवहारांच्या प्रारंभकाळी प्रसिद्ध झाला. शहर भरभराटीच्या शिखराकडे निघाले असतानाचे ते चित्र आहे, हे ध्यानात ठेवून तो ग्रंथ वाचला म्हणजे पुढच्या दोन वर्षांतील घडामोडी अधिक ठळक दिसतात.

जागेची टंचाई आणि पैशाची सुबत्ता

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना भारतातील कापसावर विसंबावे लागले. चार वर्षांत या व्यापारातून मुंबईत नेहमीपेक्षा ७ ते ८ कोटी पौंड अधिक आले, असा अंदाज समकालीन लेखकांनी वर्तवला आहे. त्याच सुमारास शहरात जागेची खरोखरच चणचण होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (१८६२-६७) यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यास आरंभ झाला. जी. आय. पी. आणि बी. बी. अँड सी. आय. या दोन्ही रेल्वे कंपन्यांना शहराच्या दक्षिण टोकापर्यंत जागा हवी होती. कापसाला गोदामे हवी होती, व्यापाऱ्यांना पेढ्या हव्या होत्या आणि कामाच्या शोधात कोकण व देशावरून येणाऱ्या माणसांना डोके टेकण्यापुरती जागा हवी होती. १८६४ च्या मोजणीत मुंबई बेटाची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली.

अशा शहरात जमीन निर्माण करण्याचा व्यवसाय काढणे हा वेडेपणा नव्हता. मुंबई हे बेटच भरावावर उभे राहिलेले आहे. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डने महालक्ष्मीजवळची खिंड बंद झाली आणि बेटाच्या मध्यभागातील दलदल हळूहळू वस्तीयोग्य झाली, हा अनुभव शहराच्या गाठी होता. मागणी खरी होती, पूर्वानुभव खरा होता आणि पैसाही खरा होता. यातला एकच घटक वेगळ्या जातीचा होता, तो म्हणजे पैशाचा स्वभाव. कापसाच्या हंगामातून आलेला पैसा हंगामी असतो. त्याला सहा महिन्यांत परत फिरण्याची सवय असते. समुद्राला अशी घाई नसते.

बॅक बे कंपनी : समुद्र आणि कागद

बॅक बे रेक्लमेशन कंपनीची मूळ कल्पना सरकारच्या गरजेतून पुढे आली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग बॅक बेच्या कडेने कुलाब्याकडे न्यायचा होता. त्यासाठी किनारा भरून जमीन करावी लागणार होती, पण तो खर्च करण्याची सरकारची तयारी नव्हती. तेव्हा खासगी कंपनीने भराव घालावा, रेल्वेला लागणारी पट्टी द्यावी आणि उरलेली जमीन स्वतः विकून नफा मिळवावा, अशी योजना आखण्यात आली. मलबार टेकडीच्या टोकापासून कुलाब्याच्या टोकापर्यंतचा किनारा या सवलतीत येत होता. सार्वजनिक काम खासगी भांडवलाने करून घ्यायचे आणि मोबदल्यात पैशाऐवजी जमिनीचा हक्क द्यायचा, ही पद्धत आज आपल्याला नवी वाटते; परंतु मुंबईत ती दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

कंपनीचा एक शेअर ५,००० रुपयांचा होता. ही रक्कम त्या काळी लहान नव्हे. मुंबई सरकारने यातील ४०० शेअर स्वतः घेण्याचे ठरवले होते. मात्र सरकारने सट्ट्याच्या व्यवहारात भागीदार होऊ नये, अशी भूमिका घेऊन हिंदुस्थान सरकारने त्यास नकार दिला. तेव्हा ते ४०० शेअर जाहीर लिलावात काढण्यात आले आणि त्यांचे १ कोटी ६ लाख रुपये आले. म्हणजे ५,००० रुपयांच्या एका शेअरमागे सरासरी २६,५०० रुपये! या वेळी कंपनीने विकण्याजोगी जमीन तयार केली नव्हती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. ज्याचा भाव पाचपट झाला तो समुद्र होता. पुढे हाच भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला.

या आकड्यांचा अर्थ असा की जमीन-विकासाच्या व्यवसायातून येथे दोन स्वतंत्र व्यवसाय निर्माण झाले. एक होता समुद्रात दगडमाती टाकण्याचा. तो संथ, खर्चिक आणि भरतीओहोटीच्या तालावर चालणारा होता. दुसरा होता त्या कामाच्या आश्वासनाचा कागद विकण्याचा. त्यात नफा आठवड्यात, कधी दिवसात हाती येई. शेअरवाटपाच्या वेळी ज्यांच्यावर प्रवर्तकांची कृपा असे, त्यांना मूळ किमतीला शेअर मिळत आणि बाजारात पाऊल टाकताच त्यांचा नफा निश्चित होई. प्रेमचंद रायचंद हे या व्यवहारांच्या केंद्रस्थानी होते. सुरतेहून आलेला, कापूस आणि सोन्याचांदीच्या दलालीत नाव कमावलेला हा गृहस्थ एकाच वेळी बँकांत, वित्तसंस्थांत आणि जमीन कंपन्यांत वजन राखून होता. त्यांच्या चतुराईच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की प्रेमचंद यांच्यासारख्या व्यक्तींचे कौशल्य कागदाच्या व्यवसायातले होते. दगडमातीच्या व्यवसायात त्याचा उपयोग मर्यादितच होता.

बॅक बेच्या मागोमाग माझगाव, कुलाबा, फ्रिअर अशा नावांच्या जमीन कंपन्या निघाल्या. बंगालमध्ये मातला नदीवर वसवायच्या पोर्ट कॅनिंग बंदराच्या कंपनीचे शेअरही मुंबईत चढ्या भावाने घेतले गेले. त्या दलदलीचे दर्शन घेतलेला माणूस मुंबईच्या बाजारात क्वचितच असेल. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. या तीन आकड्यांची परस्परांशी सांगड घातली की यंत्रणा स्पष्ट होते. जमीन कंपनीचा शेअर तारण ठेवून वित्तसंस्थेकडून कर्ज काढावयाचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावयाचे आणि वित्तसंस्थेने स्वतःचे शेअर तारण ठेवून बँकेकडून पैसा उचलावयाचा, असे हे चक्र होते. सर्वांच्या मुळाशी तारण एकच, अजून पाण्याखाली असलेली जमीन.

बँक ऑफ बॉम्बे आणि १ जुलै १८६५

या साखळीचे शेवटचे टोक जुन्या बँक ऑफ बॉम्बेपर्यंत पोहोचले होते. १८४० साली स्थापन झालेली ही प्रेसिडेन्सी बँक म्हणजे सचोटीचे प्रतीक मानली जाई. सरकार तिचे भागधारक होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. १८६३ च्या कायद्याने तिच्या सनदेतील बंधने सैल झाली आणि शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. हा बदल मुंबईच्या इतिहासात जितका चर्चिला जावा तितका चर्चिला गेलेला नाही. सटोडियांचा लोभ हा सर्वकाळ असतोच. तो लोभ ठेवीदारांच्या पैशावर चालू शकेल अशी तरतूद करणारा कायदा मात्र एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट लोकांनी केला होता.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोहोचताच कापूस उतरला आणि कापसापाठोपाठ सर्व काही उतरले. शेअरांचे बहुतेक सौदे वायद्याचे होते आणि त्यांची पूर्तता १ जुलै १८६५ रोजी व्हायची होती. त्या दिवशी देणी चुकवण्यास माणसे उभी राहिली नाहीत, कारण प्रत्येकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर अवलंबून होते. या वायद्यांची देणी निकालात काढण्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बॅक बेचा शेअर पुढे २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेच्या भांडवलाचा फार मोठा भाग बुडाला, १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभी करण्यात आली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला.

या पडझडीचे परिणाम बाजारापुरते राहिले नाहीत. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्युझियमची पायाभरणी १८६२ मध्ये झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी वर्गणीची मोठी खटपट केली होती. मंदीमुळे पैसा आटला, काम रखडले आणि ते संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. दुसरीकडे, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या ४ लाख रुपयांच्या देणगीतून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. तेजीच्या काळातील ज्या थोड्या व्यवहारांचे दगडात रूपांतर झाले, त्यांपैकी हा एक. तो जमीन कंपनीचा नव्हता, दानाचा होता, ही गोष्ट कोणाच्याही नजरेत भरावी.

युद्ध चालू राहिले असते तर बॅक बे कंपनी यशस्वी झाली असती का, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. याचे उत्तर जनगणनेत आहे. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत १,७२,१५७ माणसे कमी झाली होती. तेजीच्या वर्षी मोजलेली मागणी हीच कायमची मागणी, असे गृहीत धरून ज्यांनी जमिनीचे गणित मांडले, त्यांची जमीन तयार होईपर्यंत शहरातून पाचांतला एक माणूस निघून गेला होता. जमीन-विकासाचा हा कूट प्रश्न आहे. योजना आखली जाते आजच्या टंचाईवर आणि माल बाजारात येतो उद्याच्या परिस्थितीत. मधल्या काळात माल मागे घेता येत नाही, दुसऱ्या गावी नेता येत नाही आणि अर्धवट भरलेला समुद्र कोणी अर्ध्या किमतीतही घेत नाही.

याच काळातील दोन उपक्रम मात्र तगले आणि त्यांचे तगणे उद्बोधक आहे. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भराव घातला. १८६२ च्या करारानुसार तिने जी. आय. पी. रेल्वेच्या स्थानकासाठी १०० एकर जमीन द्यायची होती आणि त्या बदल्यात स्वतःसाठी २५० एकर भरून घेण्याचा हक्क तिला मिळाला होता. बंदर, धक्के आणि कापसाचे दाबखाने यांतून तिला प्रत्यक्ष उत्पन्न होत होते. मंदीचा तडाखा तिलाही बसला; तरी तिच्याकडे दाखवण्यास जमीन होती, म्हणून १८७० मध्ये सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि त्यातून पुढे १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. दुसरा उपक्रम एल्फिन्स्टन सर्कलचा, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलचा. किल्ल्याच्या मध्यभागी असलेले मैदान नगरपालिकेने घेतले, भूखंड पाडले आणि ठरावीक दर्शनी बांधणीच्या अटीवर नफ्यात विकले. येथे जमीन पहिल्यापासूनच होती, ती शहराच्या मध्यभागी होती आणि भूखंड लवकर विकले गेल्यामुळे थांबण्याचा काळ घेणाऱ्यांच्या वाट्याला गेला.

इंप्रुव्हमेंट ट्रस्टचा संथ मार्ग

१८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टच्या सामाजिक परिणामांवर, विशेषतः घरे पाडून माणसांना विस्थापित करण्याच्या धोरणावर, पुष्कळ लेखन झाले आहे. व्यवसाय म्हणून तिचा विचार केला तर वेगळी बाजू दिसते. ट्रस्टने जमीन विकून टाकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. दादर, माटुंगा भागातील योजना शतकाच्या प्रारंभी आखल्या गेल्या. तेथे वस्तीने खरा जोर धरला तो पहिल्या महायुद्धानंतर. मधली वर्षे रस्ते तयार, गटारे तयार आणि भूखंड ओसाड, अशी स्थिती होती. खासगी कंपनी एवढ्या काळात दोनदा दिवाळखोर झाली असती. ट्रस्ट टिकली, कारण तिला नफा वाटून देण्याची घाई नव्हती आणि तिच्या पाठीशी सरकार व नगरपालिका उभी होती. १९३३ मध्ये ती नगरपालिकेत विलीन झाली तेव्हा दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. त्या वसाहतींतील रुंद रस्ते व झाडे पाहून नगररचनाकारांच्या दूरदृष्टीचे कौतुक केले जाते. त्या झाडांना वाढण्यास जो वेळ मिळाला तो जमाखर्चातही धरला गेला होता, हे तितकेच महत्त्वाचे.

बॅक बे, दुसऱ्यांदा

महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची टंचाई इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७५,९१४ होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (१९१८-२३) यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि बॅक बेचा जुना बेत मोठ्या प्रमाणावर पुन्हा हाती घेतला. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत १,१४५ एकर जमीन आठ गटांत तयार करायची होती. या वेळी सट्टेबाज नव्हते, शेअर नव्हते, वायदे नव्हते. अभियंते होते, अंदाजपत्रके होती आणि सरकारची पत होती. १८६५ च्या सर्व दोषांचे निवारण झाल्यासारखे दिसत होते.

अडचणी आल्या त्या पाण्यातून. समुद्राच्या बाजूने दगडी बांध घालावयाचा, बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजरने उपसून नळांवाटे बांधाच्या आत सोडावयाचा आणि तो बसला की जमीन तयार, अशी कल्पना होती. ड्रेजरला अपेक्षित वेगाने चिखल मिळेना. जो मिळे त्यातला काही बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाई. शेवटी कोरडी भरणी करण्याची पाळी आली. मूळ अंदाज दुपटीहून अधिक वाढला. या कामासाठी १९२० मध्ये साडेसहा टक्के व्याजाने विकास कर्ज उभारले होते. साडेसहा टक्क्यांनी चक्रवाढ धरली तर अकरा वर्षांत देणे दुप्पट होते. म्हणजे एखादा भूखंड पाच वर्षांऐवजी सोळा वर्षांनी विकला गेला, तर चिखलाचा एकही जास्तीचा घमेला न टाकता त्याची किंमत दुप्पट होऊन बसते. अभियंत्यांच्या चुकांवर जितकी टीका झाली तितकी या गणितावर झाली नाही.

टीकाकारांमध्ये खुर्शेद फ्रामजी नरिमन अग्रभागी होते. वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून त्यांनी या कामातील उधळपट्टी व गैरव्यवहार यांवर सातत्याने हल्ला चढवला. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आठ गटांपैकी १, २, ७ आणि ८ एवढेच पूर्ण करून मधले चार सोडून द्यावेत, असे ठरले. हाती आलेली जमीन सुमारे ४४० एकर होती. सातवा गट लष्करी खात्याने घेतला. आणि मागणी? १९३१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ११,६१,३८३ होती, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच. १८७२ ची पुनरावृत्ती झाली, पण तिचा धक्का या वेळी सटोडियांना बसला नाही, इलाख्याच्या तिजोरीला बसला.

याच खात्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प केला होता. त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे १६,००० खोल्या झाल्या. त्यांतील पुष्कळ खोल्या प्रारंभीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या. शहरात माणसे एका खोलीत दहा-दहा राहत होती आणि काँक्रीटच्या नव्या खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. बांधकामाचा खर्च आणि व्याज भरून निघेल असे भाडे गिरणी कामगाराला परवडत नव्हते, आणि कामगाराला परवडेल त्या भाड्यात खर्च निघत नव्हता. गरज आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. मुंबई इलाख्याच्या सरकारला ते शिकण्यासाठी २०७ इमारती बांधाव्या लागल्या.

थांबण्याचा भार कोणावर?

खासगी भांडवलाने या काळात वेगळा मार्ग शोधला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाळ हा मध्यम ऐपतीच्या सावकार-व्यापाऱ्याचा गुंतवणुकीचा आवडता प्रकार होता. एकदा बांधायची आणि पिढ्यान्पिढ्या भाडे वसूल करायचे. यातही थांबणे होते, पण ते उत्पन्न देणारे थांबणे होते. १९१८ च्या आणि पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यांनी हे गणित मोडले. १९४७ च्या कायद्यात १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानण्यात आले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. मात्र भाड्यासाठी घर बांधणारा गुंतवणूकदार त्यानंतर मुंबईतून जवळजवळ दिसेनासा झाला.

त्याची जागा विकत घेणाऱ्याने घेतली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था हे त्याचे पहिले आणि स्वच्छ रूप होय. ज्यांना राहायचे आहे त्यांनीच एकत्र येऊन पैसा उभा करावा, बांधावे आणि राहावे. येथे मागणी अंदाजाची नव्हती. ती सभासदांच्या यादीत नावानिशी लिहिलेली होती. स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना बांधकाम व्यावसायिकांनी उलटी करून घेतली. घर घेणाऱ्याकडून बांधकामाआधीच पैसे घ्यावयाचे आणि त्या पैशावर इमारत उभी करावयाची. प्रतीक्षेचा खर्च पूर्वी भागधारकाकडे व सरकारकडे होता, तो आता ग्राहकाकडे आला. वेतन आयोगाच्या थकबाकीतून फ्लॅटची नोंदणी करून, चालू घराचे भाडे आणि नव्या घराचा हप्ता एकाच पगारातून भरणारा प्राध्यापक आपल्या ओळखीत नसेल असे महाविद्यालय विरळाच. आर्थिक इतिहासाच्या भाषेत तो ग्राहक नसून विकासकाला खेळते भांडवल पुरवणारा सावकार आहे. फरक इतकाच की खऱ्या सावकाराला व्याज मिळते.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने आगाऊ घेतलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरण्याचे बंधन घातले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तेच अधिक काटेकोर केले; ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे झाले. एका प्रकल्पाच्या आश्वासनावर उचललेला पैसा दुसऱ्या आश्वासनात घालण्याची जी पद्धत १८६४ मध्ये मुंबईच्या पेढ्यांवर रूढ झाली, तिला आळा घालण्याचाच हा प्रयत्न होय. मात्र या तरतुदींनी पैसा भलतीकडे जाण्यास प्रतिबंध होतो, थांबण्याचा काळ कमी होत नाही. उशिराबद्दल व्याज मिळण्याची तरतूद आहे. ते व्याज वसूल करण्यासाठी पुन्हा थांबावे लागते.

बॅक बेच्या पुढील इतिहासाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. मिअर्स समितीनंतर सोडून दिलेल्या मधल्या गटांच्या परिसरात स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा भराव घातला गेला, कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि त्या भागाला नाव देण्यात आले नरिमन पॉइंट; ज्या गृहस्थाने या समुद्रभरणीवर आयुष्यातील उमेदीची वर्षे टीका केली, त्याचेच. पहिल्या दोन गटांवर, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कडेने, १९३० नंतरच्या दशकात आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग उभी राहिली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या परिसरातील इमारतींसह तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. दक्षिण मुंबईतील अत्यंत महागड्या जमिनींत आज या किनाऱ्याची गणना होते. १८६४ चे सटोडिये आणि लॉइडचे अभियंते यांचा मूळ अंदाज या अर्थाने चुकलेला नव्हता. १८६० च्या दशकात ज्या रेल्वेसाठी बॅक बे कंपनी जन्माला आली, ती रेल्वे चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत धावत होती. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले, चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले आणि रुळांखालची पट्टी इमारतींसाठी मोकळी झाली. पहिल्या शेअरच्या विक्रीपासून तोवर सहासष्ट वर्षे उलटली होती.